एकाला डांबले, दुसऱ्याला दाराबाहेर ठेवले : नोव्हा स्कोशियातील मिगमॉ आणि कृष्णवर्णीय समाज

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर नोव्हा स्कोशिया नावाचा एक छोटा प्रांत आहे. २०२१ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे ९ लाख ७० हजार, म्हणजे आपल्या नाशिक शहरापेक्षाही कमी. या प्रांतात सुमारे ५२ हजार मूलनिवासी आणि २८ हजार कृष्णवर्णीय लोक राहतात. मूलनिवासींत बहुसंख्य मिगमॉ लोक आहेत आणि हजारो वर्षांपासून ही त्यांचीच भूमी आहे. कृष्णवर्णीयांपैकी अनेकांची घराणीही इथे दोनशे वर्षांहून अधिक काळ नांदत आहेत. त्यामुळे त्यांना ‘तुम्ही मूळचे कुठले?’ असे कोणी विचारले, तर तो प्रश्न त्यांना अपमानास्पद वाटतो आणि तसा तो आहेही.

कॅनडातील वंशभेदाबद्दल लिहिताना या दोन्ही समाजांची नावे बहुतेक वेळा एका दमात घेतली जातात आणि त्यांच्या अडचणींची एकच यादी दिली जाते : गरिबी, बेकारी, तुरुंग, व्यसने, मोडलेली कुटुंबे. यादी खोटी नाही. देशाच्या लोकसंख्येत मूलनिवासींचे प्रमाण सुमारे ५ टक्के असले तरी केंद्रीय तुरुंगांतील कैद्यांमध्ये ते जवळजवळ एक तृतीयांश आहेत आणि स्त्री कैद्यांमध्ये तर निम्म्याच्या आसपास. कृष्णवर्णीय लोकसंख्येत ४ टक्क्यांच्या थोडे वर आहेत, तुरुंगात मात्र सुमारे ९ टक्के. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये मूलनिवासी मुले ७.७ टक्के आहेत, परंतु सरकारी व्यवस्थेतून परक्या कुटुंबांत सांभाळायला दिलेल्या त्याच वयाच्या मुलांमध्ये त्यांचे प्रमाण ५३.८ टक्के आहे. हे आकडे वाचणाऱ्याचा असा समज होतो की या समाजांतच काही उणीव असावी आणि सरकारने मदतीचा हात पुढे करायला हवा. माझ्या मते खरी चूक या समजात आहे. हे प्रश्न त्या समाजांच्या स्वभावातून उद्भवलेले नाहीत, सरकारने घेतलेल्या ठरावीक निर्णयांतून ते घडले आहेत. शिवाय दोन्ही समाजांच्या बाबतीत हे निर्णय एकमेकांच्या अगदी उलट होते, म्हणून उपायही एकसारखे असू शकत नाहीत.

आधी मिगमॉ समाजाकडे पाहू. १७२५ ते १७७९ या काळात मिगमॉ आणि शेजारच्या जमातींनी ब्रिटिश राजसत्तेशी शांतता आणि मैत्रीचे अनेक तह केले. त्यांपैकी एकाही तहात त्यांनी आपली जमीन सोडून दिली नव्हती. तरीही वसाहत वाढत गेली तसे ते तुकड्यातुकड्यांच्या राखीव जमिनींवर ढकलले गेले. १८७६ मध्ये कॅनडाच्या संसदेने ‘इंडियन ॲक्ट’ केला. या नावातल्या ‘इंडियन’चा आपल्याशी संबंध नाही, कोलंबसाच्या चुकीतून आलेला तो शब्द कायद्यात टिकून राहिला इतकेच. पण त्या कायद्यामागची वृत्ती महाराष्ट्राच्या ओळखीची आहे. त्याच्या पाचच वर्षे आधी, १८७१ मध्ये, ब्रिटिशांनी आपल्याकडे गुन्हेगार जमाती कायदा केला होता आणि पुढे पारध्यांसारख्या जमातींवर जन्माने गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला होता. माणूस कोण आहे, कुठे राहील आणि कोणाच्या परवानगीने हलेल हे सरकारने ठरवायचे, हे सूत्र दोन्हीकडे होते.

या सूत्राचा परिणाम एका वस्तीच्या उदाहरणावरून समजतो. नोव्हा स्कोशियातल्याच सिडनी या शहरात बंदराकाठी मिगमॉ लोकांची एक राखीव वस्ती होती. गोऱ्या शेजाऱ्यांना ती नकोशी झाली, १९१६ मध्ये न्यायालयाने ती हलवण्याचा आदेश दिला आणि १९२६ पर्यंत तेथील लोकांना शहराबाहेरच्या दलदलीच्या जागेत नेण्यात आले. ती जागा म्हणजे आजचे मेंबरटू. पुढे १९४० च्या दशकात सरकारने विखुरलेल्या मिगमॉ वस्त्या मोडून सगळ्यांना एस्कसोनी आणि शुबेनाकडी या दोनच ठिकाणी गोळा करण्याचा घाट घातला. घरे आणि रोजगार देण्याची आश्वासने पुरी झाली नाहीत आणि ज्यांची शेती-मासेमारी मागे राहिली ते सरकारी शिध्यावर आले. केंद्रीय निवडणुकीत कोणतीही अट न घालता मतदान करण्याचा हक्क मूलनिवासींना मिळाला तो थेट १९६० मध्ये.

सर्वांत खोल जखम शाळांनी केली. संपूर्ण कॅनडात सुमारे दीड लाख मूलनिवासी मुलांना आईवडिलांपासून तोडून निवासी शाळांत ठेवले गेले. नोव्हा स्कोशियातील अशी शाळा शुबेनाकडीला होती आणि ती १९३० ते १९६७ पर्यंत चालली. तिथे मिगमॉ भाषा बोलणे हा शिक्षेस पात्र अपराध होता. या मुलांना घरच्या माणसांकडून माया मिळाली नाही, त्यामुळे पुढे स्वतःच्या मुलांना ती कशी द्यायची याचा अनुभवच अनेकांच्या गाठी नव्हता. आज परक्या घरांत सांभाळल्या जाणाऱ्या मुलांचा जो ५३.८ टक्क्यांचा आकडा वर दिला, त्याची एक मुळी इथपर्यंत येते. निवासी शाळा बंद होत गेल्या त्याच काळात बालकल्याण खात्याने हजारो मुले उचलून गोऱ्या कुटुंबांत दत्तक दिली, म्हणजे दार बदलले आणि वाट तीच राहिली. पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी ११ जून २००८ रोजी संसदेत निवासी शाळांबद्दल माफी मागितली आणि मरी सिंक्लेअर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन व समेट आयोगाने २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या.

कृष्णवर्णीय समाजाचा इतिहास दुसऱ्या बाजूने जातो. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात ज्या गुलामांनी ब्रिटिशांची बाजू घेतली, त्यांना स्वातंत्र्य आणि जमीन देण्याचे वचन मिळाले होते. १७८३ च्या सुमारास असे सुमारे ३ हजार लोक नोव्हा स्कोशियात उतरले. स्वातंत्र्य मिळाले, जमीन मात्र काहींना मिळाली आणि काहींना नाही, आणि जी मिळाली ती खडकाळ होती. १७९२ मध्ये त्यांतील जवळजवळ १२०० जण कंटाळून जहाजांनी आफ्रिकेतील सिएरा लिओनला निघून गेले. ब्रिटन आणि अमेरिका यांच्यातील १८१२ च्या युद्धानंतर आणखी सुमारे दोन हजार कृष्णवर्णीय निर्वासित आले. प्रेस्टनसारख्या ठिकाणी त्यांना दहा-दहा एकरांचे तुकडे मिळाले, तेही मालकी हक्काने नव्हे तर राहण्याच्या परवान्यावर.

हा परवान्याचा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढची दोनशे वर्षे त्यावर उभी आहेत. सातबाऱ्यावर नाव असणे आणि जमीन कसत असणे यांतला फरक मराठी वाचकाला वेगळा सांगायला नको. प्रेस्टनमधल्या कुटुंबांनी पिढ्यानपिढ्या तीच जमीन कसली, तिथेच घरे बांधली, अनेकांनी करही भरला, पण कागद नव्हता. कागद नाही म्हणून कर्ज मिळत नाही, घरदुरुस्तीचे अनुदान मिळत नाही, वारसांमध्ये रीतसर वाटणी करता येत नाही आणि उद्या कोणी उठवायला आले तर हक्क सांगता येत नाही.

हॅलिफॅक्स शहराच्या उत्तर टोकाला, खाडीकाठी असलेल्या आफ्रिकव्हिलचे नेमके हेच झाले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तिथे कृष्णवर्णीय कुटुंबे राहत होती. ती महापालिकेला कर भरत होती, मात्र महापालिकेने त्यांना नळ दिला नाही, गटार दिले नाही, पक्का रस्ता दिला नाही. उलट वस्तीच्या आसपास तुरुंग आला, संसर्गजन्य रोगांचे रुग्णालय आले, मधून रेल्वे गेली आणि १९५० च्या दशकात शहराचा कचरा डेपो आला. शहराला नको असलेले सगळे त्यांच्या दारात आणून टाकल्यावर ही वस्ती राहण्यालायक नाही असे त्याच शहराने ठरवले आणि १९६४ पासून ती पाडायला सुरुवात केली. सुमारे ४०० माणसे हलवली गेली. कित्येकांचे सामान महापालिकेच्या कचऱ्याच्या गाड्यांतून नेले गेले. ज्यांच्याकडे मालकीचा कागद नव्हता त्यांच्या हातावर ५०० डॉलर ठेवले. समाजाचे हृदय असलेले चर्च १९६७ मध्ये रात्रीच्या वेळी जमीनदोस्त केले गेले. आफ्रिकव्हिलच्या लोकांना अजूनही सर्वांत जास्त सलते ते हेच.

इथे दोन समाजांतला फरक स्पष्ट होतो. मिगमॉ लोकांवर कायदा नाव घेऊन चालून आला. कृष्णवर्णीयांच्या बाबतीत कायदा अनेकदा त्यांचे नावही घेत नाही, आणि म्हणून अन्याय सिद्ध करणे जास्त कठीण जाते. १९४६ मध्ये न्यू ग्लासगो गावच्या चित्रपटगृहात व्हायोला डेझमंड या उद्योजिका खालच्या मजल्यावर बसल्या, जिथे प्रत्यक्षात फक्त गोऱ्यांना बसू दिले जाई. त्यांना ओढून बाहेर काढले, रात्रभर कोठडीत ठेवले आणि खटला भरला तो करचुकवेगिरीचा. वरच्या आणि खालच्या तिकिटांवरील करात एका सेंटचा फरक होता, तो त्यांनी बुडवला हा आरोप. निकालपत्रात वर्णाचा उल्लेख नाही. प्रांताने त्यांना मरणोत्तर माफी दिली ती २०१० मध्ये, आणि २०१८ पासून कॅनडाच्या दहा डॉलरच्या नोटेवर त्यांचे चित्र आहे.

मुलांच्या बाबतीतही हीच उलटापालट दिसते. मिगमॉ मुलांना सरकारने बळजबरीने संस्थेत घातले. कृष्णवर्णीय अनाथ मुलांना मात्र गोऱ्यांचे अनाथाश्रम घेत नसत, म्हणून समाजानेच धडपड करून १९२१ मध्ये स्वतःचा अनाथाश्रम उघडला. सरकारने त्याला गोऱ्या आश्रमांच्या तुलनेत तुटपुंजा निधी दिला आणि देखरेखीकडे पाठ फिरवली. पुढे अनेक दशके तिथल्या मुलांचा शारीरिक आणि लैंगिक छळ झाला. एका ठिकाणी सरकारचा अतिरेकी हस्तक्षेप आणि दुसऱ्या ठिकाणी सरकारची पूर्ण बेपर्वाई, आणि दोन्हीकडे मार सोसला तो लेकरांनी.

काही बाबतींत मात्र दोघांच्या नशिबी एकच गोष्ट आली, आणि ती म्हणजे इतरांची घाण. लिंकनव्हिल या कृष्णवर्णीय वस्तीजवळ १९७४ मध्ये कचरा डेपो आला. पिक्टू लँडिंग या मिगमॉ वस्तीशेजारी बोट हार्बर नावाची खाडी होती, तिथे मासे आणि शिंपले मिळत, मुले पोहत. १९६७ पासून कागदाच्या लगद्याच्या कारखान्याचे सांडपाणी तिथे सोडले जाऊ लागले. वस्तीला नुकसानभरपाई म्हणून ६० हजार डॉलर मिळाले होते. २०१४ मध्ये सांडपाण्याची नळी फुटल्यावर लोकांनी रस्ता अडवला, २०१५ मध्ये प्रांताने मुदत घालणारा कायदा केला आणि ३१ जानेवारी २०२० रोजी तो प्रवाह थांबला. म्हणजे ५३ वर्षांनी.

आता प्रतिसादांकडे वळताना एका माणसाची गोष्ट सांगणे भाग आहे, कारण या प्रांतातले बरेच बदल त्याच्यापासून सुरू होतात. डोनाल्ड मार्शल ज्युनियर हा मेंबरटूचा मिगमॉ तरुण. १९७१ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, त्याला न केलेल्या खुनासाठी जन्मठेप झाली. मृत तरुण कृष्णवर्णीय होता आणि खुनी गोरा होता. पोलिसांनी साक्षीदारांवर दबाव आणून खोट्या साक्षी वदवून घेतल्या होत्या. अकरा वर्षे तुरुंगात काढल्यावर १९८३ मध्ये मार्शल निर्दोष ठरला. १९८९ मध्ये चौकशी आयोगाने अहवाल दिला : न्यायव्यवस्थेने त्याला जवळजवळ प्रत्येक पायरीवर दगा दिला आणि तो मूलनिवासी होता हे त्याचे एक कारण होते. आयोगाने ८२ शिफारशी केल्या आणि त्या मिगमॉ व कृष्णवर्णीय अशा दोन्ही समाजांना लक्षात घेऊन केल्या. त्याच वर्षी डलहौसी विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात मूळच्या कृष्णवर्णीय आणि मिगमॉ विद्यार्थ्यांसाठी खास प्रवेश आणि आधाराचा उपक्रम सुरू झाला. या उपक्रमातून आजवर शेकडो वकील तयार झाले. आरोपीच्या पिंजऱ्यातल्या माणसाची वस्ती, तिची बोली आणि तिचा धाक आतून ओळखणारा माणूस वकिलाच्या जागी उभा राहणे, याचे मोल मी फार मानतो.

शिक्षा ठरवण्याची पद्धतही बदलली. १९९६ मध्ये फौजदारी कायद्यात कलम आले आणि १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ स्पष्ट केला की मूलनिवासी आरोपीला शिक्षा देताना निवासी शाळा, तुटलेले कुटुंब अशा पार्श्वभूमीचा आणि तुरुंगाबाहेरच्या पर्यायांचा विचार न्यायाधीशाने केलाच पाहिजे. कृष्णवर्णीयांसाठी असे कलम नव्हते. नोव्हा स्कोशियातील समाजकार्यकर्त्यांनी आणि वकिलांनी २०१४ पासून न्यायालयात तशा स्वरूपाचे अहवाल सादर करायला सुरुवात केली आणि २०२१ मध्ये प्रांताच्या अपील न्यायालयाने ते विचारात घेणे आवश्यक मानले. ‘गुन्हा तो गुन्हा, जात-वंश कशाला पाहायचा?’ असा आक्षेप यावर घेतला जातो. आक्षेप प्रामाणिक असू शकतो, पण इथे शिक्षा माफ होत नाही. माणूस गुन्ह्यापर्यंत कोणत्या रस्त्याने आला हे न पाहता दिलेली शिक्षा त्याला पुन्हा त्याच रस्त्यावर सोडते, एवढेच या पद्धतीमागचे म्हणणे आहे. तरीही देशाच्या तुरुंगांतले मूलनिवासींचे प्रमाण १९९९ नंतर कमी झाले नाही, वाढतच गेले. शिक्षेच्या टप्प्यावर केलेली दुरुस्ती फार उशिराची असते हे यातून दिसते.

त्याआधीचा टप्पा म्हणजे रस्त्यावरचा पोलीस. कृष्णवर्णीय माणूस गाडी चालवताना किंवा पायी जाताना विनाकारण अडवला जातो ही तक्रार हॅलिफॅक्समध्ये कित्येक वर्षे होती आणि कित्येक वर्षे ती ‘तुम्हाला तसे वाटते’ म्हणून झटकली गेली. २०१९ मध्ये पोलिसांच्याच नोंदींचा स्वतंत्र अभ्यास झाला आणि कृष्णवर्णीयांना अशा तपासणीला सामोरे जावे लागण्याची शक्यता सहा पट असल्याचे दिसले. त्याच वर्षी निवृत्त मुख्य न्यायाधीशांनी ही पद्धत बेकायदा असल्याचे मत दिले, प्रांताने तिच्यावर बंदी घातली आणि पोलीसप्रमुखांनी जाहीर माफी मागितली. ज्या समाजावर कायदा नाव न घेता अन्याय करतो, त्याच्यासाठी वंशानुसार मोजलेली आकडेवारी हेच पहिले हत्यार ठरते. जनगणनेत जातीची नोंद असावी की नाही हा वाद आपण ज्या कारणासाठी घालत आलो, तेच कारण इथे आहे.

सर्वांत उजळ यश शिक्षणात दिसते. १९९७ मध्ये नऊ मिगमॉ वस्त्यांनी केंद्र आणि प्रांताशी करार करून आपल्या शाळांचा कारभार स्वतःकडे घेतला आणि त्याला पुढे कायद्याचे रूप मिळाले. एस्कसोनीत लहान मुले मिगमॉ माध्यमात शिकतात. या व्यवस्थेत बारावी पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या आसपास पोहोचले आहे. इतरत्र राखीव वस्त्यांवरील शाळांच्या तुलनेत हा फरक थक्क करणारा आहे. मुले तीच, त्यांची भाषा तीच, फक्त शिक्षक कोण नेमणार आणि पैसा कशावर खर्च होणार हे ठरवणारे हात बदलले. २०२२ मध्ये प्रांताने मिगमॉ ही नोव्हा स्कोशियाची आद्य भाषा असल्याचे कायद्याने मान्य केले. शुबेनाकडीच्या शाळेत याच भाषेसाठी मार खाल्लेली काही माणसे तो दिवस पाहायला हयात होती.

उपजीविकेच्या बाबतीत वाट इतकी सरळ नाही. १९९३ मध्ये त्याच डोनाल्ड मार्शलने ४६३ पौंड ईल मासे पकडून ७८७ डॉलर १० सेंटला विकले आणि परवाना नसल्याबद्दल त्याच्यावर खटला झाला. १७ सप्टेंबर १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की १७६०-६१ च्या तहांनुसार मासेमारीवर ‘माफक उपजीविका’ करण्याचा मिगमॉ लोकांना हक्क आहे. ‘माफक’ म्हणजे किती, हे सरकारने नीट ठरवलेच नाही. अखेर २०२० मध्ये, निकालाच्या वाढदिवशी, सिपेक्नेकाटिक या वस्तीने स्वतःचे परवाने देऊन शेवंडांची मासेमारी सुरू केली, तेव्हा हंगामाबाहेर मासेमारी होते म्हणून व्यावसायिक मच्छीमार चवताळले. गाडी जाळली गेली, पकडलेला माल नासवला गेला, साठवणीचे गोदाम भस्मसात झाले आणि पोलीस वेळेवर धावले नाहीत अशी टीका झाली. किनाऱ्यावर हे चालू असताना मेंबरटूच्या पुढाकाराने मिगमॉ वस्त्यांच्या गटाने क्लिअरवॉटर ही मोठी मत्स्य कंपनी एका भागीदारासह सुमारे एक अब्ज डॉलरला विकत घेण्याचा करार केला आणि २०२१ च्या जानेवारीत निम्मी मालकी त्यांच्याकडे आली. शहराबाहेर हाकललेली तीच ही वस्ती. कंपनीची मालकी प्रत्येक छोट्या होडीवाल्यापर्यंत पोहोचतेच असे नाही, हेही मिगमॉ लोक स्वतः बोलून दाखवतात.

अनाथाश्रमाच्या प्रकरणात प्रांताने २०१४ मध्ये माफी मागितली आणि भरपाई दिली. त्यानंतरची चौकशी नेहमीच्या पद्धतीने झाली नाही. तिथे वाढलेल्या माणसांनीच २०१५ ते २०१९ या काळातील चौकशीची रचना सरकारी अधिकाऱ्यांबरोबर एका गोलात बसून ठरवली. उलटतपासणी घेणाऱ्या वकिलासमोर पुन्हा एकदा उभे राहून आपले बालपण सिद्ध करण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही.

आफ्रिकव्हिलची माफी शहराने २४ फेब्रुवारी २०१० रोजी मागितली, चर्चच्या पुनर्बांधणीसाठी ३० लाख डॉलर आणि जागा दिली. घरे गमावलेल्या कुटुंबांना वैयक्तिक भरपाई त्यात नव्हती आणि ती मागणी अजून सुटलेली नाही. प्रेस्टनच्या जमिनींसाठी १९६३ मध्येच मालकी स्पष्ट करणारा कायदा झाला होता, पण सर्वेक्षणाचा आणि वकिलाचा खर्च कुटुंबांवरच पडल्यामुळे तो बराचसा कागदावर राहिला. २०१७ मध्ये प्रांताने उत्तर प्रेस्टन, पूर्व प्रेस्टन, चेरी ब्रूक, लिंकनव्हिल आणि सनीव्हिल या पाच वस्त्यांसाठी तो खर्च उचलण्याची योजना आणली. २०२० मध्ये न्यायालयाने सरकारलाच फटकारले : कायद्यात नसलेल्या कडक अटी लावून अर्ज फेटाळता येणार नाहीत. दोनशे वर्षांत जमिनीचे वारस शेकडोंनी वाढले आहेत, काही टोरंटोला, काही बोस्टनला गेले आहेत. त्यामुळे एकेका तुकड्यासाठी जुनी मृत्युपत्रे, कराच्या पावत्या आणि म्हाताऱ्यांची प्रतिज्ञापत्रे गोळा करावी लागतात, आणि ज्यांना हद्दीचा दगड कुठे होता हे आठवते ती म्हातारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.